बापाच्या मातीला पोचता आलं नाही, आता काय करू?

प्रश्न: ताई, मी मूळची परभणी जिल्ह्यातली, लग्नानंतर पुण्यात असते. मे महिन्यात अण्णा अटॅकनं गेले. सकाळी फोन आला तशी अंगावरच्या कपड्यानिशी निघाले, पण गावात सगळे म्हणाले ऊन लई आहे, बॉडी राहणार नाही, आणि मी नगरच्या पुढं असतानाच माती उरकली. चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला होता पण रेंज नव्हती, गोवऱ्या दिसल्या, भावाच्या खांद्यावरचं मडकं दिसलं आणि चित्र अडकलं ते अडकलंच. दहाव्याला कावळा शिवला नाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, लेकीची भेट झाली नाही म्हणून जीव अडकला. तेव्हापासून झोप नाही, भावाशी बोलत नाही, अण्णांच्या बंद मोबाईलवर रोज फोन लावते.

उत्तर: ताई, आधी कावळ्याचं बोलू कारण तुमच्या छातीवर तेच बसलंय. मे महिन्याच्या दुपारी मराठवाड्यात पाखरू सावलीतून बाहेर पडत नाही, त्यात पिंडाभोवती माणसांचा गराडा, मग कावळा उतरणार कसा. आणि कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवायचा, ही सोय आपल्या रीतीतच आहे, तसं केलं की विधी पूर्ण झाला असंच धरतात, म्हणजे कावळा न येणं ही जुन्या माणसांनाही माहीत असलेली, नेहमीची गोष्ट होती. आत्या दुःखात बोलल्या असतील, पण भर दहाव्यात पोरीच्या माथी असं मारणं बरोबर नव्हतं, हे मी स्पष्टच सांगते.

दुसरं, उशिरा पोचलेल्यांसाठीसुद्धा शास्त्रात जागा आहे. लांब असलेल्या मुलाला आईबाप गेल्याचं कितीही उशिरा कळलं तरी ऐकल्या दिवसापासून दहा दिवस सुतक धरायला सांगितलंय. ज्याचा देहच सापडला नाही त्याच्यासाठी पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात त्याला. बघा ना, देह समोर नसतानाही निरोप देता येतो हे मानलंच होतं की. मग तुमचा निरोप त्या एका दुपारीच संपला असं कसं म्हणायचं?

तुम्ही गंगाखेडला जा. जनाबाईंचं गाव, गोदावरीचा काठ, तुमच्या जिल्ह्यातलाच. पाऊस झाला की नदीला पाणी असतं. हातात पाणी नि काळे तीळ घ्या आणि अण्णांचं नाव घेऊन अंगठ्याच्या बाजूनं स्वतः सोडा. लेकीनं करायचं का असं कुणी विचारलं तर सरळ हो म्हणा, हल्ली कितीतरी लेकी अग्नीसुद्धा देतात. तिथं बसून मातीच्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते मोठ्यानं बोला, लोक बघतील तर बघू द्या.

आणि भावाला सोबत न्या. राग कळतो, पण ज्या पोरानं बापाला अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी गरम राखेत हात घालून अस्थी वेचल्या, त्याच्याही मनात ती दुपार अडकलेली असणार. त्याला एकच विचारा, शेवटी अण्णा कसे दिसत होते, कुणाशी काय बोलले? जे चित्र अडकलं त्याच्या पुढचं सगळं त्यानं डोळ्यांनी बघितलंय, ते तुम्हाला दुसरं कुणी सांगू शकत नाही.

फोन लावता त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त अण्णांचे व्हॉइस मेसेज, फोटो आत्ताच दुसरीकडं उतरवून ठेवा आणि सिम चालू राहील असं बघा, प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर कंपनी बंद करू शकते.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सहा महिन्यांहून जास्त दिवस दुःख असंच धरून राहिलं, रोजचं कामही होईना, तर त्याला आता डॉक्टरही आजार मानतात नि त्यावर उपचार आहेत. पण तेवढं थांबायची गरज नाही, जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी, रात्री-अपरात्रीसुद्धा, फोन करा.