पुन्हा वाचताना ॲन

प्रश्न : शाळेत असताना ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी मी अधाशासारखी वाचली होती. आता पन्नाशीत ती पुन्हा हाती घेतली, तर ॲनची लांबलचक बडबड वाचताना थकायला होते आणि लक्ष सारखे तिला सांभाळणाऱ्या मरिलाकडे जाते. माझी कल्पनाशक्ती आटली, असे समजावे का? आणि पुढचे भाग वाचावेत का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. एल. एम. माँटगोमेरी यांच्या १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या पहिल्या तीन प्रकरणांच्या शीर्षकांत आश्चर्यचकित होतात ती मोठी माणसे : आधी शेजारच्या रेचेल लिंड, मग मॅथ्यू, मग मरिला. शेतकामाच्या मदतीला मुलगा हवा असलेल्या मॅथ्यू आणि मरिला या अविवाहित, प्रौढ बहीणभावांकडे चुकून अकरा वर्षांची पोरकी मुलगी येते, आणि तिच्या येण्याने त्या अबोल घराचे काय होते, हेही लेखिकेला तितकेच सांगायचे आहे. मरिलाकडे लक्ष जाणे हे कादंबरीच्या मांडणीला धरूनच आहे.

बडबड मात्र गाळू नका, असा माझा आग्रह राहील. आठव्या प्रकरणात ॲन मरिलाला एका कपाटाची हकिकत सांगते. ती पूर्वी ज्या घरी राहत होती, तिथे पुस्तकांचे एक काचेचे कपाट होते, पण त्यात पुस्तके नव्हती. चांगली भांडी आणि मुरंबे ठेवलेले असत. एका दाराची काच घरधन्याने दारूच्या नशेत फोडलेली होती. दुसऱ्या, शाबूत काचेत दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला ॲनने केटी मॉरिस असे नाव दिले, तिच्याशी ती तासन्‌तास बोलत बसे, आणि ते घर सोडण्याची वेळ आली तेव्हा काचेतून तिचा निरोप घेताना तिला रडू आवरले नाही. पुढच्या घरी तसे कपाट नव्हते, म्हणून तिने दरीतल्या प्रतिध्वनीलाच मैत्रीण केले. शाळकरी वयात आपल्याला यातली गंमत तेवढी दिसते. बोलायला कोणीही नसलेल्या मुलीने स्वतःपुरती केलेली ही सोय होती, हे मोठेपणी उमगते, आणि ॲन ते तक्रारीचा सूर न लावता सांगते म्हणून अधिकच लागते.

हे सगळे ऐकून घेतले असेल, तरच एकतिसावे प्रकरण नीट कळते. तिथे पंधरा वर्षांची ॲन पूर्वीच्या निम्मेही बोलत नाही, हे मरिलाच्या ध्यानात येते आणि ती तिला कारण विचारते. सुंदर विचार मनातच जपून ठेवावेसे वाटतात, असे ॲन सांगते. आधीची पाने भराभर उलटणाऱ्या वाचकाला इथे मरिलाने काय गमावले, ते जाणवणारच नाही.

पुढचे भाग सगळे वाचलेच पाहिजेत असे नाही, पण १९०९ सालचा ‘ॲन ऑफ ॲव्हनली’ आपण जरूर वाचावा. त्यात मरिला दोन पोरक्या जुळ्या भावंडांना घरी आणते.