चार वाजले की जागा शोध

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ईको व्हॅन घेतलीस, मागची सीट काढून झोपायला फळी टाकलीस आणि पहिलाच लांबचा प्रवास नेपाळचा ठरवलास, हे वाचून मला आणि काकूला फार आनंद झाला. तीन पानं भरून तू टायर, गॅस, परमिट, मोबाइल असं सगळं विचारलं आहेस. पण रात्री गाडी कुठे लावायची, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. आम्ही दोघं तीनदा व्हॅन घेऊन तिकडे जाऊन आलो. माझ्या मते सगळा प्रवास त्याच एका प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून आधी तेच लिहितो.

पहिल्या खेपेला आम्ही सुनौलीच्या सीमेवरून आत शिरलो आणि बुटवलवरून सिद्धार्थ राजमार्गाने पोखऱ्याकडे निघालो. नकाशावर अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर दिसतं. आपण आपल्या हायवेचा हिशेब धरतो आणि इथेच चुकतो. बुटवल सोडल्या सोडल्या सिद्धबाबाच्या देवळाजवळचा पट्टा लागतो, तिथे वरून दगड येतात. दरडीला तिकडे ‘पहिरो’ म्हणतात, हा शब्द पाठच कर. पहिरो गेला म्हणजे रस्ता बंद. तसा आमचाही बंद झाला आणि रामदीच्या पुलाशी पोचेपर्यंत उन्हं उतरली.

रामदीला कालीगंडकी ओलांडायची. आपल्या देवघरातला शाळिग्राम ह्याच नदीतला. पुलाखाली वाळूचा छान पट्टा होता आणि ट्रॅक्टरने पाडलेली वाट थेट पाण्यापर्यंत जात होती. नोव्हेंबरचे दिवस, आभाळ स्वच्छ, पाणी गुडघाभर. याहून चांगली जागा कुठली, म्हणून मी गाडी खाली घातली आणि काकूने शेगडी बाहेर काढली. तेवढ्यात वरच्या घरातून एक म्हातारी ओरडली, “बाबु, त्यहाँ नबस्नुस्, पानी आउँछ!” म्हणजे तिथे बसू नका, पाणी येतं. पाऊस नाही, मग पाणी कुठलं, असं मला वाटलं. ती काठी टेकत खाली आली आणि माझा हात धरून मला एका खडकापाशी घेऊन गेली. माझ्या छातीएवढ्या उंचीवर खडकाच्या फटीत सुकलेलं गवत अडकलं होतं आणि त्याखाली गाळाची सरळ रेघ होती. वरच्या अंगाला मिर्मीला धरण आहे, कालीगंडकी ‘ए’, १४४ मेगावॉटचं. दारं उघडली की कोरड्या दिवसातही पात्र भरतं. आयुष्यभर कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या ऐकलेला मी, आणि परक्या नदीत ते मला सुचलं नाही.

ती रात्र आम्ही तिच्या अंगणात काढली, उभ्या वाशांना बांधलेल्या मक्याच्या कणसांशेजारी. निघताना तिने कागदात टिमुर बांधून दिला. आपल्या तिरफळाचाच तो भाऊबंद. काकूने घरी आल्यावर तो बांगड्याच्या आमटीत घातला.

तेव्हापासून आमचा नेम आहे. चार वाजले की पुढे जायचं नाही, जागा शोधायची. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, आणि दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो. नदीचं पात्र नको, दरडीचा कडा डोक्यावर नको. गावाजवळची सपाट जागा बघ, त्याला ते ‘चौर’ म्हणतात. उतर, नमस्कार कर आणि विचार, “गाडी यहाँ राख्न मिल्छ?” म्हणजे गाडी इथे ठेवता येईल का. चटकन ‘मिल्छ’ आलं तर थांब. उत्तराला वेळ लागला तर आभार मानून पुढे जा, आग्रह धरू नकोस. थांबलास तर जेवण त्याच घरी किंवा शेजारच्या खानावळीत घे, आणि गाडी लावतानाच सांग, कारण दालभात माणसं मोजून रांधतात. वाढायला पुन्हा येतात, पोट भरेपर्यंत. पैसे न विसरता दे. स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय शिरू नकोस. सकाळी कचरा आपल्याबरोबर, आणि भांड्यांचं पाणी फेवा तलावात किंवा कुणाच्या झऱ्यात ओतायचं नाही. आपल्या अंगणात कुणी ओतलं तर चालेल का?

चितवनला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, सौराहाच्या बाजूला, कितीही मोकळी जागा दिसली तरी उघड्यावर राहू नकोस. रात्री गेंडे नदी ओलांडून वस्तीत येतात. तिथे लॉजच्या आवारात गाडी लाव.

आता कागद. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेव, आधारवर विसंबू नकोस. गाडी तुझ्याच नावावर आहे, हे चांगलं. विमा कंपनीकडे जाऊन पॉलिसी नेपाळपुरती वाढवून घे. आपली साधी पॉलिसी भारताबाहेर लागू होत नाही, पण थोडा जादा हप्ता भरला की तशी नोंद करून मिळते. बरेच जण हे करत नाहीत आणि मला ते अजिबात पटत नाही. सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे जकात, दिवसांच्या हिशेबाने भरायची असते. वाटतात त्यापेक्षा तीन-चार दिवस जास्तच लिहून घे. चार पैसे वाचवायला दिवस कमी घेतलेस की मागे पहिरो गेला तरी मुदत गाठायला तू अंधारात गाडी हाकशील. चार वाजता थांबायचं तर खिशात दिवस शिल्लक हवेत.

आणि भन्सारच्या पावतीवरची मुदतीची तारीख नीट वाच. ती विक्रम संवतातली असते. आमच्या पावतीवर मंसिर १२ लिहिलं होतं. मी म्हटलं मार्गशीर्ष, आणि आपल्या कालनिर्णयात बघून दिवस मोजले. पण तिकडचे महिने सौर, आपली तिथी चांद्र, दोन्ही जुळत नाहीत. मंसिर १२ म्हणजे नोव्हेंबरचा २८ तारखेचा दिवस, हे पोखऱ्यात एका किराणा दुकानदाराने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून सांगितलं, म्हणून आम्ही वेळेत परतलो. तू खिडकीवरच विचारून इंग्रजी तारीख मागे लिहून घे.

पैशांचं सोपं आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, वर्षानुवर्षं तोच दर. शंभराच्या नोटा ने. भाव ऐकला की ‘आय.सी. की एन.सी.’ एवढं विचार, म्हणजे भारतीय की नेपाळी.

गॅसचा सिलिंडर इथूनच भरून ने, आपला तिकडे बदलून मिळत नाही. आणि माझं एक ऐक, ह्यात सूट नाही. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा हीटर पेटवून झोपायचं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुलं, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. खोलीचं ते झालं, मग तुझी ईको केवढीशी! दोन रजया जास्त घे, स्वयंपाक दार उघडं ठेवून कर, आणि झोपताना काच बोटभर खाली असू दे.

पावसाळ्यात जाऊ नकोस. जुलै २०२४ मध्ये सिमलतालजवळ दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. पुढच्याच महिन्यात २३ तारखेला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीत कोसळली, २७ माणसं गेली. त्या रस्त्याने जाताना काकू अजूनही हात जोडते. दसरा-दिवाळी उलटल्यावर निघ. त्यांच्या दशैंमध्ये, म्हणजे दसऱ्यात, सगळा देश घरी निघालेला असतो, कचेऱ्या बंद, रस्ते तुडुंब.

मुक्तिनाथला गाडी नेऊ का, असं विचारलं आहेस. पहिल्या खेपेला नको. ईको पोखऱ्यात पामेच्या बाजूला, तलावाच्या टोकाला लावून ठेव आणि बेनीवरून तिकडच्याच जीपने जा. मुस्तांगमध्ये दुपार होऊ लागली की कालीगंडकीच्या खोऱ्यातून जो वारा सुटतो, त्यात मी कागबेनीला ताडपत्री बांधायचा प्रयत्न केला आणि लोखंडी नळी वाकून बसली.

घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे तुला ठाऊक असेलच. तरी निघण्याआधी एका रविवारी चिपळूणला ये. गाडी रिकामी आणू नकोस, पाण्याचे कॅन, सिलिंडर, भांडी, अंथरूण, सगळं भरून आण. आपण कुंभार्ली चढू आणि उतरू. खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघू, ब्रेक किती तापलेत ते.

तुझा,
काका