नदी सरकली, मळई कोणाची?

प्रश्न : इंदापूर तालुक्यात नीरेकाठी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. मूळ जातइनाम (व्यक्तीला दिलेलं इनाम) दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं, मोडी सनद घरात आहे. नदी पलीकडे सरकून आमच्या बांधाखाली अंदाजे दीड एकर मळई, म्हणजे गाळाची नवी जमीन, पडली. ती आम्हीच कसतो. तलाठी म्हणतात, सरकारी आहे. सनदेवर दावा लावावा का?

उत्तर : नुसत्या सनदेवर नको. तिच्यात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप’ असं असेल, तर देणगी जमिनीची होती, फक्त वसुलीची नव्हे, एवढं म्हणता येतं. पण जातइनामं रद्द करणाऱ्या १९५२ च्या मुंबई अधिनियमाच्या कलम ७ ने इनाम गावांतली नदीपात्रं सरकारकडे गेली. मळई त्यानंतरची असेल, तर तेव्हा तिथे पात्रच होतं, म्हणजे ती जागा सरकारचीच ठरते. सनदेच्या लिप्यंतरावर पैसे घालवण्याआधी टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापांसह कच्चा नकाशा, काढा.

इंदापूरची ब्रिटिश मोजणी १८३६ पासूनची, त्यामुळे जुना कागद मिळण्याची आशा आहे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) आणि आकारबंद (क्षेत्र व आकाराची नोंदवही) यांच्या नकला मागा. टिपणातली मापं साखळी-आण्यांत असतात : साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे, म्हणजे आणा दोन फूट पाऊण इंच. नदीकडच्या बाजूची मापं आजच्या बांधापलीकडे जात असतील, तर ‘मळई’तला तेवढा तुकडा तुमच्याच गटाचा, पूर्वी पुरात कापला गेलेला निघू शकतो. मग सगळं प्रकरणच बदलतं. मोजणीचा अर्ज ‘हद्द कायम’ (मूळ हद्दी दाखवून देण्याची मोजणी) असा करा आणि मोजणीदाराला टिपण दाखवा. बरेचदा तो उभा बांध धरून मोजतो आणि तिथेच घोळ होतो. गाव नकाशावर तर नदीकाठच्या रेषेचा भरवसाच नको.

टिपणाबाहेर उरेल ती खरी मळई. जमीन महसूल संहितेच्या कलम ३३ प्रमाणे एक एकरापर्यंत ती काठच्या भोगवटादाराने तात्पुरती वापरायची. एकरावर गेली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत जाते, पण विल्हेवाट लावायची झाल्यास कलम ३२ नुसार आधी तुम्हालाच देऊ करावी लागते. म्हणून मागणी अर्ज द्या, सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्यांनी. एकट्या भावाने अर्ज केला की चुलते हरकत घेतात. वारसनोंदी अर्धवट असतील तर आधी त्या उरका. तोवर मळईत विहीर किंवा पक्कं बांधकाम नको.

आणि त्याच संहितेच्या कलम २०(२) खाली जमीन सरकारी ठरवणारा आदेश निघाला, तर दिवाणी दाव्याला आदेशापासून एकच वर्ष मिळतं. मुदतीत अपील केलं असेल तर अंतिम अपिली आदेशापासून. मालकीचा दावा लावायचा तो तेव्हा, टिपण हातात घेऊन.