कॉमन म्हणजे गायरान नव्हे

एका अनुवादक वाचकाने विचारलंय: इंग्लंडमधल्या खेड्यातल्या गोष्टीत ‘कॉमन’वर डुकरं चरतात, तिथे ‘गायरान’ लिहू का? आणि ‘कॉमन्स’ हे त्याचंच अनेकवचन का?

डुकरं आली तिथे गायरान खटकणारच, ते तुम्हालाही कळलंय, म्हणून तर विचारलंत. माझं दुखणं वेगळं आहे. हल्ली परिसंवादांत ‘कॉमन्स म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन’ असं उठसूट ऐकू येतं. साफ चूक! इंग्लंडातल्या कॉमनला मालक असतो, पूर्वी बहुधा तिथला जहागीरदार. जमीन त्याची, हक्क इतरांचे: गुरं चारायचा, सरपण तोडायचा, जळणासाठी पीट (दलदलीतली कुजक्या झाडपाल्याची माती) खणायचा, मासे धरायचा. हे इतर म्हणजे कुणीही उपटसुंभ नव्हेत, त्यांचे हक्क बहुतेक वेळा त्यांच्या घराला नाहीतर शेताला चिकटलेले. तुमची डुकरंही काल्पनिक नाहीत. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमध्ये आजही शरदात हक्कदार आपली डुकरं ओकची फळं खायला सोडतात. ती हिरवी फळं तट्टांना बाधतात, डुकरं मात्र मजेत फस्त करतात.

किती जनावरं सोडायची यालाही जुना नियम होता: हिवाळ्यात स्वतःच्या शेतावर जितकी पोसता येतील तितकीच. कायद्याच्या जुन्या फ्रेंचाळलेल्या भाषेत ‘उठणारी आणि बसणारी’ गुरं. अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली कॉमन्सच्या शोकांतिकेवर गाजलेला लेख लिहिला, त्यातला गुराखी गुरं वाढवतच सुटतो, त्याला हटकणारं कुणी नाहीच. मग ते कॉमन कसलं? पुढे त्यांनी स्वतःच ‘व्यवस्था नसलेलं कॉमन’ अशी दुरुस्ती केली, पण आमचे वक्ते अजून 1968 मध्येच आहेत.

आता खरी गंमत. ‘को’ अधिक ‘युनुस’, म्हणजे ‘एकत्र मिळून एक’, अशी व्युत्पत्ती सांगणारे गुरुजी मला भेटलेत. ती विसरा. लॅटिन ‘कॉम्युनिस’मध्ये आहे ‘मुनुस’: कर्तव्य, अंगावरचा भार, आणि देणगीसुद्धा. भार वाटून घेतात ते कॉमन. म्युनिसिपालिटीत हाच मुनुस आहे (खड्डे बघून पटणार नाही, पण आहे). आणि ज्याला त्या भारातून सूट तो ‘इम्युनिस’, आपला इनामदारच म्हणा ना! करोनात जिच्यासाठी काढे ढोसले ती इम्युनिटी त्याचीच लेक. आणखी मागे गेलं तर मूळ धातूचा अर्थ देवाणघेवाण. संस्कृतात तोच ‘मे’, त्यावरून ‘विनिमय’. म्हणजे कॉमन आणि विनिमय ही चुलत भावंडं! माझं तर ठाम मत आहे की हे नातं शाळेत शिकवलं असतं तर ‘कुणाचीच नाही’ ही व्याख्या कुणाच्या तोंडून निघालीच नसती.

त्याच लॅटिन शब्दाच्या कुळातला पोर्तुगीज शब्द आपल्या दारात आहे: गोव्यातली कोमुनिदाद. पण तिथे जमीन गांवकारांच्या, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांतल्या वंशजांच्या, संस्थेचीच, आणि उत्पन्नातला वाटाही त्यांना मिळतो. आपलं गायरान सरकारचं, ग्रामपंचायतीकडे सोपवलेलं. एकाच खात्यात तिन्ही कोंबणाऱ्या कोशकारांना माझा दुरून नमस्कार.

हां, तुमचा प्रश्न. ‘कॉमन्स’ अनेकवचनच, पण आता एकवचनासारखंही चालतं. पार्लमेंटातलं ‘कॉमन्स’ मात्र जमिनीचं नव्हे, परगण्यांच्या आणि शहरांच्या समुदायांचं. अनुवादात पहिल्यांदा ‘गावाचं सामाईक रान’ लिहा, पुढे नुसतं ‘रान’ पुरेल. मी ‘गावरान’ सुचवणार होतो, पण मग डुकरांच्या जागी कोंबडी दिसायला लागते.