गव्हाशिवाय शेंगापोळी

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालंय (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार), गहू कायमचा बंद. संक्रांतीला ज्वारीच्या पिठाच्या शेंगापोळ्या करून पाहिल्या, पण सारण भरलं की फाटतात आणि गूळ तव्यावर जळतो. काय चुकतंय?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : कणीक ताणली तरी तुटत नाही ती ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून गव्हाच्या पोळीएवढं सारण तिला पेलत नाही. आधी पिठाची उकड काढा. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळा. गॅस बंद करून पाऊण वाटी ज्वारीचं आणि पाव वाटी तांदळाचं पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्यानं हलवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळा. गार उकड मळली की पोळीच्या कडा चिरतात. पीठ जुनं होऊन विरी गेलेलं (चिकटपणा गेलेलं) असेल, तर उकड काढूनही पोळी तुटेल.

सारणाला एक वाटी भाजून सोललेले दाणे, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन चमचे भाजलेले तीळ, थोडी वेलची. दाणे पूर्ण गार करा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटतं, मग सारण पारीला धरत नाही. गुळाचा एखादा खडा राहिला तर तो तव्यावर वितळतो, पोळीला भोक पाडतो आणि जळतो. तुमची तक्रार बहुधा तीच आहे. कूट आणि गूळ हातानं चोळून मिसळा. मुठीत दाबलं की गोळा वळला पाहिजे.

लिंबाएवढी पारी आणि तिच्या निम्मं सारण, याहून जास्त भरू नका. तेलाचा हात लावलेल्या प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये हलक्या हातानं थापा, आकार पुरीपेक्षा जरासा मोठा. मध्यम आचेवर खालची बाजू घट्ट झाली की मगच उलटा. घाई केली की पोळी मधोमध फाटते.

कृतीपेक्षा जास्त लक्ष पिठाकडे हवं. गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच, त्यामुळे ‘आत्ताच ज्वारी दळली’ या भरवशावर दळण टाकू नका. ज्वारीतले गव्हाचे दाणे निवडून काढा आणि ज्या घरगुती चक्कीवर गहू कधीच दळला जात नाही तिच्यावर दळा. चक्की नसेल तर मिक्सरमध्ये वाटून बारीक चाळणीनं चाळा. मुलाचा पोळपाट, तवा आणि चाळण वेगळी ठेवा, लाकडाच्या भेगांतलं पीठ धुऊन जात नाही. त्याच्या पोळ्या सगळ्यांच्या आधी करा, कारण मैदा आणि कणीक हवेत उडून ओट्यावर बसते. आणि खाऊन पोट दुखलं नाही म्हणजे चाललं, असं समजू नका. लक्षण न दिसताही आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते.

प्रश्न : खपली गहू हलका असतो म्हणतात. हाच आजार असलेल्या नातवाला त्याची हुग्गी (गव्हाची खीर) दिली तर चालेल का?
– एक आजी, मंगळवेढा

उत्तर : नाही. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया आणि सातूही बंद. (जव म्हणजेच सातू; सातूच्या पिठात बहुतेकदा गहूही असतो.) तुमच्या गावची ज्वारी असताना अडतंय कुठे? वाटीभर ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवा आणि कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा. गूळ नंतरच घाला, आधी घातला तर कण्या टणक राहतात. निदान नवं असेल तर आतड्याला इजा झाल्यामुळे दुधातली साखर काही काळ पचत नाही. डॉक्टरांनी दूध थांबवलं असेल तर नारळाचं दूध वापरा. तेही आच बंद केल्यावर, नाहीतर फाटतं. गूळ घातलेल्या गरम खिरीत गाईचं दूध घातलं तरी तसंच होतं.

प्रश्न : बाजारची शेंगाचटणी, भडंग, कडक भाकरी द्यावी का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : चटणीत दाणे, तिखट, लसूण, मीठ आणि जिरं असतं, त्यात गहू नाही. पण सुटी घेतली तर एकच चमचा सगळ्या डब्यांत फिरतो, म्हणून घरी कुटलेली बरी. भडंगात हिंगाकडे बघा, बांधणीच्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो. पाकिटावर तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक लिहिलेलं हिंग घ्या. कडक भाकरी ज्वारीची असली तरी ती करणाऱ्यांकडे चपात्याही होतात का, हे विचारूनच घ्या. पाकिटातल्या वस्तूवर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आपल्या देशातला नियम तसाच आहे.

प्रश्न : मुलाच्या थोरल्या बहिणीचाही गहू बंद करून टाकू का? सगळ्यांचं एकच होईल.
– एक आई, सोलापूर

उत्तर : आत्ता नको. हा आजार घरात चालतो, सख्ख्या भावंडांत साधारण दहातल्या एकाला निघतो, त्यामुळे तिची रक्ततपासणी जरूर करून घ्या. पण गहू आधीच सोडला तर रक्ताची आणि आतड्याच्या तुकड्याची अशा दोन्ही तपासण्या आजार असूनही तो नाही असं दाखवू शकतात, आणि मग पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खायला घालावा लागतो. तपासणी होईपर्यंत तिच्या डब्यातली चपाती चालू ठेवा.