पाय बारीक होत नाहीत, मग व्यायाम कशाला?

प्रश्न: मी डिचोलीची, वय 38. दुसऱ्या बाळंतपणानंतर मांड्या, पोटऱ्या वाढतच गेल्या, पावलं मात्र होती तशीच. जरा कुठे लागलं की काळंनिळं होतं, पोर मांडीवर बसलं तरी दुखतं. 8 किलो उतरवले, चेहरा सुकला, पाय तेवढेच. आता डॉक्टरनी लिपेडेमा सांगितला, म्हणजे पायात दुखरी चरबी साठण्याचा आजार. मग व्यायामाचा उपयोग काय? आणि चवथीला फुगडी घालू की नको?

उत्तर: ताई, तुमचे पाय आळसामुळे जाड झालेले नाहीत, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा. ही चरबी डाएटला नेहमीच्या चरबीसारखी दाद देत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 मध्येच या आजाराला नाव दिलं, तरी अजून बायकांना "जरा चाला" एवढंच ऐकवतात, याचा मला फार राग येतो.

व्यायाम करायचा तो दुखणं आणि जडपणा कमी व्हायला, पायात ताकद यायला. मांडीला टेप लावणं सोडा, जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं ते बघा.

सगळ्यात सोसतं ते पाणी. छातीभर पाण्यात उभं राहिलं की अंगाचं वजन निम्म्याहून जास्त हलकं होतं, सांध्यांवर भार येत नाही, आणि खोल जाल तसा पाण्याचा दाब वाढतो म्हणजे घोट्याला जास्त आणि वर कमी, अगदी प्रेशर स्टॉकिंगसारखा, म्हणजे पाय दाबून धरणाऱ्या घट्ट लांब मोज्यासारखा. पोहता येत नसलं तरी चालेल, पणजीला कांपालच्या किंवा जवळच्या पूलमध्ये नुसतं चालायचं, सुरुवातीला 10 मिनिटं पुरे. पावसात समुद्रात मात्र अजिबात उतरू नका. कपड्यांची लाज वाटते ना, मग लेगिंगचा स्विमसूट घ्या, पण लाजेपायी घरी बसू नका.

घरी खुर्चीवरून उठणं-बसणं, टाचा उचलणं, पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं. माप घेऊन शिवलेले स्टॉकिंग घालूनच करा, आपल्याकडच्या दमट हवेत सकाळीच उरका. थोडे स्नायू दुखतील, पण दुखणं दोन दिवस राहिलं तर पुढच्या खेपेला कमी करा. एकच पाय अचानक सुजला, लाल-गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते.

फुगडी घाला की! उड्या कमी, फेरा छोटा, मध्ये बसून घ्यायचं, आणि आत्तापासून टाचा उचलायला लागलात तर चवथीपर्यंत पाय जरा तयार होतील.