टेकडीवरच्या ओस उद्यानात सायकली नेताना

प्रश्न : आम्ही पुण्याच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. घरापासून दोन किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेचे एक उद्यान आहे. फाटकाजवळची चार बाके आणि मुलांची घसरगुंडी सोडली, तर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मागच्या बाजूने मात्र मुरमाच्या पायवाटा थेट माथ्यापर्यंत गेल्या आहेत. आमचा बारा जणांचा सायकल गट दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्याने जातो. वाहनांच्या गर्दीला कंटाळून आमच्यापैकी बहुतेकांनी आता माउंटन बाईक घेतल्या आहेत. या उद्यानात एक सामूहिक फेरी काढावी आणि वसाहतीतील आणखी वीस-पंचवीस जणांनाही बोलवावे, असा विचार आहे. कोणती तयारी करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उद्यान ओस का पडले आहे, हे आधी शोधून काढा. पिण्याचे पाणी नाही म्हणून, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत म्हणून, संध्याकाळी मद्यपींचे अड्डे बसतात म्हणून, की केवळ रस्ता गैरसोयीचा आहे म्हणून लोक येत नाहीत, यावर आपली बरीचशी तयारी अवलंबून राहील. अड्डे बसत असतील, तर पायवाटेवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असणारच, आणि त्या फेरीच्या आदल्या दिवशी वेचाव्या लागतील. दुसरे असे की, आपल्याला ओस वाटणारी जागा क्वचितच रिकामी असते. पहाटे सहा ते आठ या वेळेत तिथे दोन दिवस नुसते बसून पाहा. सरपण गोळा करणाऱ्या बाया, शेळ्या घेऊन वर जाणारा गुराखी, एकटेच चालणारे एखादे आजोबा हे या टेकडीचे रोजचे लोक आहेत. आपण पाहुणे आहोत, ही जाणीव ठेवून त्यांच्याशी बोलून घ्या; वाटांची जितकी माहिती त्यांना असते, तितकी कोणत्याही नकाशात नसते.

त्यानंतर जमिनीचा प्रश्न येतो. पुण्याच्या टेकड्यांवर महापालिकेची, वनविभागाची आणि खासगी मालकीची जमीन एकमेकींना लागून असते आणि पायवाट हद्द ओळखत नाही. उद्यानाचे कुंपण ओलांडून वर गेलात की आपण बहुधा वनविभागाच्या हद्दीत शिरता. ते राखीव वन असेल, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार विनापरवाना प्रवेश हा गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे गाव नकाशावरून गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक काढून सातबारा पाहावा, म्हणजे मालकीचा उलगडा होतो. उद्यानाच्या भागासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आणि वनाच्या भागासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. त्यात दिनांक, वेळ, माणसांची संख्या, मार्गाचा साधा हाती काढलेला नकाशा आणि कचरा परत नेण्याची हमी एवढे असले तरी पुरे. नकार आला तर तो पाळावा आणि फेरी उद्यानापुरतीच ठेवावी. परवानगी मिळाल्यास तिथल्या वनरक्षकाला एकदा समक्ष भेटावे, कारण कोणती वाट बंद आहे, कुठे नवी रोपे लावली आहेत आणि कोणत्या कड्याला आग्यामोहोळ लटकले आहे, हे तोच सांगू शकतो. आग्यामोहोळाच्या आसपास अत्तर लावून जाणे, धूर करणे किंवा आरडाओरडा करणे अत्यंत धोक्याचे आहे, हे गटातील प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा.

मार्ग ठरवताना सायकल घरी ठेवा आणि पायी जा. हा सल्ला अनेकांना वेळखाऊ वाटतो. पण सायकलवरून जाताना नजर पुढच्या दगडावर असते आणि आजूबाजूचे काहीच दिसत नाही. टेकडीच्या उतारावर वनविभागाने खोदलेले सलग समतल चर आपल्याला दिसतील. पावसाचे पाणी अडून ते जमिनीत मुरावे म्हणून हे चर समान उंचीच्या रेषेवर काढलेले असतात आणि त्यांची माती खालच्या अंगाला बांधासारखी रचलेली असते. हा बांध सायकलसाठी उडी मारायची आयती जागा वाटतो, आणि तरुण मुलांना तो मोह होतोच. परंतु चाकांनी बांधाला खाच पडली की पुढच्या पावसात अडलेले सगळे पाणी तेवढ्याच जागेतून धावते, बांध फुटतो आणि कित्येक मजुरांचे काम वाहून जाते. पायवाटांचेही तसेच आहे. उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले की मुरमात घळ पडते, पाणी त्याच घळीतून उतरते, आणि दोन पावसाळ्यांत चांगल्या वाटेचा ओढा होतो. म्हणून ज्या उतारावर आपल्या गटातील सर्वांत नवख्या व्यक्तीला चाक न घसरवता उतरता येणार नाही, तो उतार मार्गातून वगळा किंवा तिथे सायकल हातात धरून उतरण्याचे ठरवा. पहिल्या फेरीसाठी सहा ते आठ किलोमीटरचे वर्तुळ भरपूर होते. डांबरी रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जाणारा गट अशा वाटेवर आठ-दहाच्या वर जात नाही, आणि थांबे धरले तर एवढ्या अंतराला दोन तास लागतात.

वीस-पंचवीस जणांना पहिल्याच खेपेला बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अरुंद वाटेवर पंचवीस सायकली म्हणजे जवळजवळ पाव किलोमीटरची रांग होते. पुढच्याला मागचा दिसत नाही, समोरून येणाऱ्या माणसाला बाजूला व्हायला जागा उरत नाही आणि एकाचे पंक्चर झाले की सगळे खोळंबतात. आपण बारा जणांनीच पहिली फेरी काढावी आणि तीही सहा-सहाच्या दोन गटांत, वीस मिनिटांच्या अंतराने. वाट आणि माणसे दोन्ही ओळखीची झाली की वसाहतीतील इतरांना पाच-सहांच्या संख्येने सामील करून घेता येईल.

प्रत्येक गटात एक जण पुढे आणि एक जण अगदी शेवटी असावा. सायकल गटांत त्यांना ‘लीड’ आणि ‘स्वीप’ म्हणतात. शेवटचा माणूस सर्वांत अनुभवी असावा. त्याच्याजवळ पंप, दोन सुट्या ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटण्याची पट्टी), ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच, चेन जोडण्याचे साधन आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, आणि कितीही उशीर झाला तरी त्याने कोणालाही मागे सोडून पुढे जाऊ नये. हा नियम मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका ओस उद्यानात मी स्वतः पुढे होतो आणि मागे कोणालाच नेमले नव्हते. दुफाट्यावर मी डावीकडे वळलो, मागच्या तिघांना ते दिसले असेल असे गृहीत धरले आणि चढ संपेपर्यंत वळून पाहिले नाही. त्यांतील दोघे उजवीकडे गेले होते. मोबाईलला रेंज नव्हती. सव्वा तासाने ते सापडले तेव्हा त्यांच्याजवळचे पाणी संपले होते आणि एकाच्या पायात गोळे आले होते. त्या दिवसापासून आमचा गट एकच पद्धत कटाक्षाने पाळतो : वाट फुटेल तिथे पुढच्याने थांबायचे, आपल्या मागचा नजरेस पडला आणि त्याने हात वर केला की मगच वळायचे, आणि तसेच मागच्याने त्याच्या मागच्यासाठी करायचे. त्यामुळे वेग मंदावतो, पण कोणी चुकत नाही.

सायकलींबाबत थोडेच सांगतो. रस्त्यावर चालवणारे लोक टायरमध्ये सवयीने पन्नास-साठ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरतात. तेवढ्या कडक टायरची दगडगोट्यांवर पकड राहत नाही. साधारण पासष्ट किलो वजनाच्या माणसाला सव्वादोन इंच रुंदीच्या, ट्यूब असलेल्या टायरमध्ये तीसच्या आसपास हवा चालते. यापेक्षा फार कमी केली, तर दगडावर आपटून ट्यूब चिमटली जाते. बाभूळ, बोर आणि हिवर यांच्या काट्यांनी पंक्चर होणे आपल्याकडे ठरलेलेच असते, म्हणून प्रत्येकाने आपल्या मापाची एक तरी ट्यूब जवळ ठेवावी. हेल्मेट नसेल त्याला फाटकातूनच परत पाठवावे. यात भीड बाळगू नका.

फेरीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच उत्तम. पावसाळ्यात मुरूम लवकर निथळतो, पण टेकडीच्या पायथ्याला काळी माती असेल, तर ती टायरला थरावर थर चिकटून चाक फिरेनासे होते आणि वाटेवर पडलेले खोल चर उन्हाने वाळून पुढचे कित्येक महिने तसेच राहतात. मार्चपासून वेगळी अडचण असते. टिटवी उघड्या माळावर, दगडगोट्यांच्या मधोमध अंडी घालते आणि ती अंडी दगडांसारखीच दिसतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस भरपूर होणार, असे आपले शेतकरी मानत आले आहेत; सायकलस्वारांनी एवढेच ध्यानात ठेवावे की टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर जवळपास तिचे घरटे आहे आणि आपण ठरलेल्या वाटेवरून तसूभरही न हलता निघून जायला हवे. चंडोल आणि रातवा यांचीही घरटी जमिनीवरच असतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतामुळे वणव्याचा धोका असतो, म्हणून धूम्रपानास पूर्ण मनाई करा. कुठे धूर दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये असावेत, आणि मार्गावर रेंज कोणत्या ठिकाणी मिळते, हे पायी पाहणीतच टिपून ठेवावे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नका. माणसाला चालू न देता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालयात न्या. टेकड्यांवर फुरसे आणि घोणस असतात, तेव्हा थांबल्यावर दगडांच्या कपारीत हात घालणे टाळलेलेच बरे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा अशाच एका टेकडीवर मोठ्यांच्या गटाबरोबर जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. त्याच्याकडे साधी, बिनगिअरची सायकल आहे. त्याला पाठवावे का, की नवी सायकल घेईपर्यंत थांबावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : सायकल नवी नसली तरी चालेल, पण ब्रेक दोन्ही बाजूंचे घट्ट हवेत आणि सायकल त्याच्या मापाची हवी. सायकलची मधली दांडी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकवून तो उभा राहिला, तर दांडी आणि शरीर यांच्यात किमान दोन इंच अंतर राहिले पाहिजे. रबराचे ब्रेक झिजले असतील, तर ते आधी बदलून घ्या. हा खर्च किरकोळ आहे आणि उतारावर सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. बिनगिअरच्या सायकलवर चढ चालतच चढावा लागेल, त्यात कमीपणा नाही, असे त्याला आधीच सांगा. उतारासाठी घराजवळच्या एखाद्या मातीच्या उतारावर त्याच्याकडून आठवडाभर सराव करून घ्या : सीट दोन-तीन इंच खाली घ्यायची, पायडल समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहायचे, शरीराचा भार मागे न्यायचा, पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू दाबायचा आणि नजर चाकाजवळ न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची. पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल माणसाला पुढे फेकून देते, आणि मुलांच्या पडण्याचे हेच मुख्य कारण असते.

गट निवडताना एवढे विचारा की शेवटी कोण असते. याचे उत्तर ज्या गटाला चटकन देता येत नाही, त्या गटाबरोबर मुलाला पाठवू नका. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना आपण स्वतः सोबत गेलात, अगदी पायी गेलात, तरी उत्तम.

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि रोज पहाटे टेकडीवर एकटी चालते. गेल्या महिन्यापासून सायकलवाली मुले मागून आवाज न करता येतात आणि अगदी खेटून पुढे जातात. दोनदा मी दचकून पडता पडता वाचले. टेकडी सर्वांची आहे, हे मला मान्य आहे. पण मी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजी, आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे आणि चूक त्या मुलांची आहे. डोंगरवाटांवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून उतरवण्याचा छंद सुरू झाला आणि त्यातूनच आजची माउंटन बाईक घडली. पण पुढच्या दशकात पायी चालणाऱ्यांशी खटके वाढले आणि अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन एक संघटना उभारली. तिने सायकलस्वारांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत चालणाऱ्याला वाट देणे, सायकल ताब्यात ठेवणे आणि जनावरांना न बुजवणे यांना मानाचे स्थान आहे. त्या मुलांना याची कोणी जाणीव करून दिलेली नसावी.

हा स्तंभ वाचणाऱ्या सायकलस्वारांना माझी कळकळीची विनंती आहे की, सायकलला घंटी बसवा, चालणारी व्यक्ती दिसताच तीस-चाळीस पावलांवरून ती वाजवा, वेग चालण्याइतका कमी करा आणि वाट अरुंद असेल तर खाली उतरून उभे राहा. आपण, आजी, एखाद्या रविवारी फाटकापाशी त्या मुलांना थांबवून आपली चालण्याची वेळ आणि वाट त्यांना सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक मुले असे समोरासमोर सांगितलेले ऐकतात. त्यानंतरही फरक पडला नाही, तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज देऊन सकाळी आठपर्यंतची वेळ माथ्याच्या वाटेवर केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची मागणी करा आणि त्या अर्जावर आपल्याबरोबर चालणाऱ्या इतरांच्याही सह्या घ्या.